पापळ ते ऑक्सफर्ड आणि पुन्हा वऱ्हाड



अकोल्याचे कृषी विद्यापीठ ज्यांचे नाव धारण करते, त्या डॉ. पंजाबराव देशमुख यांना वऱ्हाड कृषिमंत्री आणि शिक्षणमहर्षी म्हणून ओळखतो. परंतु भाऊसाहेब मूळचे वेदवाङ्मयाचे अभ्यासक होते, याचे स्मरण फारसे उरलेले नाही. त्यांचे पुढील कार्य मात्र या विद्येशी जोडून पाहिल्यावाचून नीट उमगत नाही.

२७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात, शामराव आणि राधाबाई या शेतकरी दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला. शिकायचे तर गाव सोडणे भाग होते. पापळहून चांदूर रेल्वे, तेथून त्या काळी अकोला जिल्ह्यात असलेले कारंजा लाड, पुढे अमरावतीचे हिंदू हायस्कूल आणि नंतर पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय, असा हा विद्यार्थी एकेक मुक्काम मागे टाकत गेला. १९२० मध्ये त्यांनी विलायतेचा रस्ता धरला.

एडिंबरो विद्यापीठाची एम.ए. पदवी त्यांनी मिळविली. संस्कृतच्या अध्ययनासाठी तेथे त्यांना शिष्यवृत्तीही लाभली. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध सिद्ध केला आणि डॉक्टरेट संपादन केली. १९३३ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. याच वास्तव्यात ते बॅरिस्टरही झाले. वेदोक्ताच्या अधिकारावरून कोल्हापुरात उठलेले वादळ ज्या पिढीने पाहिले होते, तिच्याच डोळ्यांदेखत एका कुणब्याच्या मुलाने वेदविद्येत हा अधिकार स्वकष्टाने मिळविला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१९२६ मध्ये ते मायदेशी परतले. अशा विद्वानाला मोठ्या शहरात मानाची जागा मिळविणे अवघड नव्हते. भाऊसाहेबांनी अमरावती निवडली. धर्माचा इतिहास अभ्यासलेल्या या पंडिताला धर्माच्या नावाने चाललेली अस्पृश्यता मान्य होणे शक्यच नव्हते. अंबादेवीचे मंदिर सर्वांना खुले व्हावे, यासाठी झालेल्या आंदोलनात ते अग्रभागी राहिले. जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्य बांधवांसाठी खुल्या केल्या. स्वामी श्रद्धानंदांच्या नावाने अमरावतीत छात्रालय उभारले. १९२७ मध्ये विमलाबाईंशी आंतरजातीय विवाह करून त्यांनी उपदेशाआधी आचरण ठेवले. आप्तस्वकीयांत राहून रूढी मोडणे हे सभेतील भाषणाहून कितीतरी कठीण असते.

मुक्कामामागून मुक्काम करीत शिकावे लागणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः भोगले होते. म्हणून १९३०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे या संस्थेच्या शाळा व महाविद्यालये विदर्भभर पसरली आणि खेड्यातल्या मुलांच्या जवळ विद्या येऊन पोहोचली.

घटना समितीचे सदस्य आणि १९५२ पासून दहा वर्षे केंद्रातील मंत्री या नात्याने दिल्लीत राहूनही त्यांची दृष्टी शेताच्या बांधावरून ढळली नाही. १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाजाची स्थापना केली. १९५९-६० मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवून जगातील शेतीज्ञान भारतीय शेतकऱ्यासमोर मांडले. ज्या जगात ते स्वतः शिकायला गेले, तेच जग त्यांनी शेतकऱ्याच्या भेटीला आणले.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. १९६९ मध्ये अकोल्यात त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले.

आज वऱ्हाडातील मुले परदेशी विद्यापीठांत सहज जातात, आणि त्याच वऱ्हाडातील कापूस उत्पादकाच्या घरी कर्जाची चिंता आहे. परदेशी शिकलेली विद्या त्या उंबरठ्यापर्यंत कशी पोहोचावी, या प्रश्नाचे उत्तर भाऊसाहेबांनी आपल्या आयुष्याने दिले आहे. ते पुढे चालविणे एवढेच उरले आहे.