पाइनची फळी आणि आपले घर
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आजच्या दिवशी पाककृती सोडून मी लाकडावर बोलायला उभी राहिले, याचे काहींना हसू येईल. पण घरात मांडणी, दिवाण किंवा मुलांचे टेबल करायचे ठरले, की पैसा आपल्या काटकसरीतून जातो आणि वखारीत मात्र आपण मागे उभ्या राहतो. हे बरे नव्हे.

सागवान पुष्कळांच्या आवाक्याबाहेर गेले. म्हणून आता घरोघर पाइन येते. न्यूझीलंडसारख्या देशांतून त्याचे ओंडके कांडला बंदरात उतरतात आणि गांधीधामच्या गिरण्यांत त्यांच्या फळ्या होतात. हिमालयातल्या चीडाचाच हा भाऊबंद. आपल्या सासवांनी देवदारी खोक्यांच्या मांडण्या करून घेतल्या, तोही याच कुळातला. सुईसारख्या पानांच्या या झाडांना शास्त्रात मऊ लाकडाची झाडे म्हणतात. पण नावावर जाऊ नका. आपली काटेसावर रुंद पानांची, म्हणून शास्त्राप्रमाणे कठीण. पण तिच्यावर नखानेही ओरखडा उठतो!

मी स्वतः एकदा फसले. पाइनचे कपाट भर पावसाळ्यात करून घेतले. चैत्रात पाहते तो दोन फळ्यांमध्ये पेन्सिल जाईल एवढी फट! दोष पाइनचा नव्हता, ओल्या फळीचा होता. घरातल्या सामानासाठी लाकडात साधारण ८ ते १२ टक्केच ओल असावी. आपल्याकडे तर एकीकडे महाबळेश्वर-पाटणची ओल आणि दुसरीकडे माण-जतची कोरडी हवा. पाटणला केलेले कपाट जतला नेले तर ते आकसणारच.

तेव्हा परीक्षा अशी करावी. कोरड्या दिवसांत २०० ग्रॅमचा तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून आठवडाभर उन्हाच्या खोलीत ठेवावा. वजन १०-१५ ग्रॅमने उतरले, तर ती फळी अजून ओली आहे. मग सर्व फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा रचाव्या आणि सुताराला थोडे थांबवावे.

फळी डोळ्यासमोर धरून लांबीत पाहावी. पीळ असेल तर परत करावी. घट्ट बसलेली लहान गाठ चालते; काळी, सुटी गाठ गळून पडते. गाठीतून राळ पाझरून रंग डागाळतो, म्हणून रंगाआधी तिच्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा हात द्यावा. फळीच्या टोकाशी स्क्रू बसवताना आधी गिरमिटाने भोक पाडावे, नाहीतर फळी चिरते. पाइन वाळवीला आवडते. न्हाणीघराजवळ किंवा थेट जमिनीवर ते ठेवू नये, आणि मागच्या बाजूला बोरॅक्स व बोरिक ॲसिडचे पाणी लावून घ्यावे.

औद्योगिक वसाहतींतून यंत्रांची खोकी स्वस्तात मिळतात. त्यांवर शिक्का पाहावा. 'एचटी' म्हणजे लाकूड उष्णतेने, गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवलेले. 'एमबी' म्हणजे विषारी वायूची धुरी दिलेले. ते घरात आणू नये. मात्र 'एचटी' म्हणजे वाळलेले किंवा वाळवीपासून सुरक्षित असे समजू नका.

मऊ लाकूड हलके, रंध्याला सोपे. मांडणी, खण, पुस्तकांची फळी यांना उत्तम. रोज वर्दळ असलेल्या पाटाला किंवा जेवणाच्या टेबलाला मात्र त्यावर चटकन खड्डे पडतात. तिथे बाभूळ किंवा जुने सागवान बरे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या घराघरांत शिरले, तेव्हा पुष्कळ जणींनी पाहिले: दाबलेल्या भुशाच्या पाट्यांची कपाटे फुगून फुटली. भरीव लाकडाचे सामान मात्र सावलीत सावकाश वाळवून अनेकांनी पुन्हा वापरात आणले. स्वस्त काय, याचा हिशेब अशा दिवशी होतो.

तेव्हा भगिनींनो, पुढच्या वेळी वखारीत पुढे व्हा, फळी हातात घ्या आणि विचारा: "ही वाळलेली आहे का?"