जवारी की ज्वारी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

घरच्या घरी खेळ तयार करण्याविषयी आज थोडं बोलायचं आहे. खेळ तयार करणं म्हटलं की छापील पट, प्लॅस्टिकच्या सोंगट्या, रंगीत खोका असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. खरं तर खेळ विकत आणायची पद्धत आपल्याकडे तशी अलीकडचीच. चिंचोके, सागरगोटे, फुटक्या बांगड्यांच्या काचा आणि कोळशानं आखलेली चार घरं, एवढ्यावर पिढ्या खेळल्या. किल्ल्यांवर, लेण्यांमध्ये दगडात खोदलेले पट अजून दिसतात. आपल्या पचिशीचं सोपं रूप १८९६ साली इंग्लंडमध्ये ‘लुडो’ या नावानं पेटंट झालं आणि मग तेच आपण दुकानातून पैसे मोजून घरी आणलं. आता ते मोबाईलमध्ये जाऊन बसलं आहे.

मी कविता लिहितो. घरात भांडवल म्हणाल तर शब्दांचंच. तेव्हा २०११च्या उन्हाळ्यात मिरजेच्या आमच्या घरी भाचरं-पुतणे गोळा झाले आणि दुपारची वीज जाऊ लागली, तेव्हा शब्दांचाच खेळ करावा असं ठरलं.

इंग्रजीत असा एक खेळ प्रसिद्ध आहे, स्क्रॅबल. तो अल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन माणसानं केला. व्यवसायानं वास्तुरचनाकार, पण १९३०च्या दशकातल्या मंदीत काम गेलेलं. कोणतं अक्षर किती वेळा येतं, हे त्यानं वर्तमानपत्राची पानं समोर ठेवून मोजलं आणि त्यावरून चकत्या ठरवल्या. ‘ई’च्या बारा, ‘एस’च्या मात्र चारच. कारण इंग्रजीत कोणत्याही शब्दाला ‘एस’ चिकटवला की अनेकवचन झालं, मग खेळात राम काय राहिला?

ही युक्ती मराठीला जशीच्या तशी लावता येत नाही. ‘क’ची चकती करायची, मग ‘का’ची वेगळी, ‘कि’ची वेगळी? क्ष, ज्ञ धरून छत्तीस व्यंजनांच्या बाराखड्या मांडल्या तर ४३२ चकत्या होतात, आणि जोडाक्षरं अजून दारातच उभी असतात. आम्ही ठरवलं, चकतीवर फक्त अक्षर. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार हे सगळं फुकट. क आणि र एवढ्या दोनच चकत्या मांडल्या की त्याचं कर, केर, कोर, कोरा, कैरी, करी काहीही होतं. लावणाऱ्यानं तोंडानं सांगायचं. पुढच्याला त्याच चकत्यांतून दुसरा शब्द सुचला तर त्याला निम्मे गुण. खेळाची खरी मजा या निम्म्या गुणांत आहे असं माझं मत आहे. आणि जोडाक्षर? अर्ध्या अक्षराची चकती खाली, पुऱ्या अक्षराची तिच्यावर, थोडी सरकवून. चटईवर ‘स्वच्छ’ची माडी चढताना पोरांना फार आवडते.

मोजणीचं काम मुलांनीच केलं, रविवारच्या अंकाचं एक पान घेऊन. त्यात एक गंमत कळली. वर्तमानपत्राच्या मराठीत च, य आणि ह यांचा सुळसुळाट असतो, कारण वाक्यागणिक ‘च्या’ आणि ‘आहे’. पण सुटे शब्द लावायचे तर एवढे च-य काय कामाचे? म्हणून मग किराणा मालाची यादी, भांड्यांची नावं, शेतातली कामं, असे घरातले शब्द मोजले. त्यावरून र, त, क, न, ल, स, म, व यांच्या पाच-पाच चकत्या केल्या. ङ आणि ञ वगळले. त्यामुळे आमच्या खेळात ‘वाङ्मय’ लावता येत नाही, आणि त्यावाचून कुणाचं अडलेलं नाही. ण आणि ळ यांनी शब्द सुरूच होत नाही, म्हणून ते हाती आले की माणूस डोकं खाजवतो. त्यांना जास्त गुण. सगळ्यात जास्त गुण मात्र ‘ढ’ला, शाळेत ज्याला कुणी विचारत नाही त्याला.

चकत्या लग्नपत्रिकांच्या. जाड, गुळगुळीत पुठ्ठा, आणि आपल्याकडे त्याचा तुटवडा कधी पडत नाही. एकेक इंचाचे चौकोन कापले. आमच्या घरी दोन्हीकडच्या पत्रिका येतात. त्यामुळे एका चकतीच्या पाठीवर गणपतीची सोंड, तर दुसरीच्या पाठीवर ७८६चा ‘८’. दोन दिवसांत पोरांना पाठीवरून अक्षरं ओळखू यायला लागली! मग सगळ्या पाठींवर खाकी कागद चिकटवावा लागला. तुम्ही करणार असाल तर तो आधीच चिकटवा.

आता पंचाचा प्रश्न. माझी अम्मी उर्दू वाचायची, मराठी अख्खं आयुष्य बोलायची, पण देवनागरी तिला वाचता येत नव्हतं. अक्षरांच्या खेळात तिला कुठं बसवायचं? तिला पंच केलं. तिनं चकत्या बघायच्याच नाहीत, शब्द फक्त ऐकायचा. तिला पटला तर पुढे. नाहीतर ती विचारायची, “म्हणजे काय?” पंच म्हणून कडक बाई. मी एकदा ‘विभ्रम’ म्हटलं तर माझ्याकडे बघून म्हणाली, “ऐसा कोन बोलता रे?” शब्द बाद. माझ्या कवितेतले निम्मे शब्द तिनं असे घरातच अडवले. उलट उतरंड, शिंकं, रांजण, अडकित्ता असे शब्द निघाले की मुलं विचारायची, म्हणजे काय, आणि ती हातानं आकार करून दाखवायची.

एका दुपारी माझ्या पुतणीनं ‘खाला’ लावला. खाला म्हणजे मावशी. शेजारचा एक मुलगा म्हणाला, “हा मराठी शब्द नाही.” त्याच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं, गणिताचं उत्तर सांगावं तसं त्यानं सांगितलं. पण पुतणी गप्प झाली आणि आपल्या चकत्या उचलायला लागली. नऊ वर्षांची पोर. ते चकत्या उचलणं मला बघवेना. मी कपाटातला मोल्सवर्थचा कोश काढला. १८३१ सालचा हा मराठी-इंग्रजी कोश, १८५७मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. त्यात शब्दापुढे तो अरबी की फारसी की संस्कृत याची खूण असते. मुलांना म्हटलं, शोधा. तारीख, जमीन, कागद, हिशेब, वकील, आणि त्या मुलानं स्वतः लावलेलं ‘दुकान’ही! पोरं हरखून खुणा वाचत सुटली. शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला तो कारभारातल्या अशाच शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. काही शब्द बदलले, पुष्कळसे राहिले. माधव जूलियनांनी तर १९२५ साली आख्खा फार्शी-मराठी कोश काढला.

पण कोश उघडून भांडण मिटत नाही, वाढतं. कोशात असे शेकडो शब्द आहेत जे आज कुणी उच्चारत नाही, मग कोशवालाच जिंकणार. म्हणून नियम झाला तो असा: लावणाऱ्यानं तो शब्द घालून एक साधं मराठी वाक्य बोलायचं, आणि बसलेल्यांपैकी तिघांना ते कळलं तर शब्द मराठी. पुतणी म्हणाली, “खाला उद्या गावाला जाणार आहे.” पाच हात वर आले. त्यात त्या मुलाचाही होता.

या नियमाची खरी परीक्षा ‘जवारी’नं घेतली. सतारमेकर गल्लीतला एक मुलगा खेळायला यायचा. त्यानं ज, व, र अशा तीन चकत्या ओळीनं मांडल्या. सगळे ओरडले, ज्वारी चुकली, ज वर व चढव! तो शांतपणे म्हणाला, “अब्बा सतारीची जवारी काढतायत.” तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कानसून कानसून नाद उघडा करायचा, ते काम म्हणजे जवारी. मिरजेत हे कळणारे तीन हात सहज मिळाले. तेवढ्यात अम्मी म्हणाली, “जवारी म्हणजे गावरान. जवारी कोंबडी.” कर्नाटकच्या सीमेवर हा अर्थही रोजचा. आणि तिसऱ्यानं ज वर व चढवून निम्मे गुण घेतले. तीन चकत्यांत सतार, कोंबडी आणि भाकरी. वहीत मी त्या रात्री कविता लिहायला बसलो होतो. ती काही झाली नाही.

अम्मी २०२१मध्ये गेली. पंचाच्या जागी आता कुणी बसत नाही, पण वाद झाला की मोठी झालेली ही मुलं एकमेकांना विचारतात, “अम्मीनं घेतला असता का?” आणि आश्चर्य म्हणजे उत्तरावर बहुधा एकमत होतं.

तुम्ही हा खेळ केलात तर चकत्यांचे आकडे माझे घेऊ नका. तुमच्या गावचे शब्द मोजा. गेल्या दिवाळीत आमच्याकडे अकोल्याहून आलेली नवी सून खेळायला बसली. तिनं ड आणि य लावले आणि म्हणाली, ‘डोया’. म्हणजे डोळा. वऱ्हाडी बोलीत ळ चा य होतो, हे मला आणि माझ्या भावाला ठाऊक होतं. हात दोनच वर आले. तिसरा काही केल्या येईना. तिनं चकत्या उचलल्या नाहीत. पुढचा डाव अकोल्याला खेळायचा असं तिनं जाहीर केलं आहे, आणि आम्हाला जावं लागणार आहे.