टिपण म्हणजे नक्कल नव्हे
(शिक्षक-पालक मेळाव्यातील भाषण)



गोव्यात मराठी अथवा कोकणी माध्यमातून चौथीपर्यंत शिकलेली अनेक मुले पाचवीत इंग्रजी माध्यमाच्या वर्गात पाऊल ठेवतात. शिक्षक बोलत असतात, फळा भरत असतो आणि मूल मान खाली घालून अक्षरन् अक्षर वहीत उतरवीत असते. वही भरते, मनाची पाटी मात्र कोरीच राहते. अशा भरलेल्या वह्यांवर समाधान मानणे म्हणजे त्या मुलाला घोकंपट्टीच्या स्वाधीन करणे होय.

उतरवून घेणे आणि टिपण घेणे यांत महदंतर आहे. उतरवण्यास हात पुरतो. टिपणास कान आणि बुद्धी दोन्ही लागतात. ऐकलेल्यापैकी महत्त्वाचे काय, हे ठरविताना विद्यार्थी विचार करू लागतो व तेथेच शिकण्यास आरंभ होतो.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक वॉल्टर पॉक यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकातून एक सोपी पद्धत रूढ केली. पानाच्या डावीकडे रुंद समास सोडावा. तास चालू असता उजवीकडे मोजक्या शब्दांत टिपण करावे. तास संपल्यावर समासात प्रश्न लिहावेत व तळाशी दोन ओळींत सारांश द्यावा. पुढे उजवी बाजू झाकून त्या प्रश्नांची उत्तरे आठवून सांगावीत.

पावसाचाच पाठ घ्या. ‘नैर्ऋत्य वारे – सह्याद्रीचा अडथळा – हवा वर चढते – थंड होते – पाऊस’ एवढे टिपण पुरेसे आहे. समासात प्रश्न येईल : ‘घाटाच्या पूर्वेस पाऊस कमी का?’ हा प्रश्न मुलाने आपल्या मायबोलीत लिहिला, तरी तो दोष मानू नये. पारिभाषिक शब्द इंग्रजीत असावा. अर्थ मात्र ज्या भाषेत उमजतो, त्या भाषेत प्रथम उमजू द्यावा.

याकामी शिक्षकांचे साहाय्य मोलाचे आहे. पाठाचे तीन-चार मुद्दे आरंभीच फळ्यावर मांडावेत, मध्ये दोन मिनिटे थांबून मुलांना लिहू द्यावे, आणि वह्या तपासताना केवळ हस्ताक्षर न पाहता मुलाने काय निवडले, तेही पाहावे.

शिकलेले विसरण्याचा वेग प्रारंभी सर्वाधिक असतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली दाखवून दिले. म्हणून टिपणाची उजळणी त्याच सायंकाळी व्हावी. येथे पालकांचा वाटा येतो. त्यासाठी त्यांना इंग्रजी यावयास हवे असे नाही. अक्षरओळखही नसली तरी चालेल. दिवेलागणीला मुलाला जवळ बसवून एवढेच म्हणावे, “बाळ, वही मीट आणि आज काय शिकलास ते सांग.”

मिटलेल्या वहीतले जे मुलाला सांगता येईल, तेच त्याचे खरे ज्ञान होय.