सैतानाचें मळसूत्र



बाटलीचें बूच काढण्याचें मळसूत्र आपण पाहिलें असेल. तसेंच एक, पण दगडाचें आणि पुरुषभर उंचीचें, जमिनींत उभें रोवलेलें आढळलें, तर पाहणाराची मति गुंग होणार नाहीं काय? अमेरिकेंतील नेब्रास्का संस्थानाच्या वायव्य भागांत अशीं पुष्कळ मळसूत्रें आहेत. तेथील गुरें पाळणारे लोक त्यांचा संबंध सैतानाशीं जोडीत.

इ. स. १८९१ मध्यें प्राध्यापक एर्विन बार्बर यांना तीं दाखविण्यांत आलीं. त्यांनीं लोकांचेंच नांव ग्रीकांत नेऊन ‘डायमोनेलिक्स’ असें केलें. प्रथम त्यांना तीं गोड्या पाण्यांतील स्पंज वाटलीं. पुढें तीं वनस्पति आहेत असें त्यांनीं ठरविलें. सूक्ष्मदर्शकाखालीं वनस्पतीच्या पेशी स्पष्ट दिसत होत्या. मग आणखी पुरावा तो कसला पाहिजे? १८९३ सालीं व्हिएन्नाचे फुक्स आणि अमेरिकेचे कोप यांनीं हीं कुरतडणाऱ्या प्राण्यांचीं बिळें असावींत असें सुचविलें. बार्बर यांना तें पटलें नाहीं. मौज अशी कीं, एका मळसूत्रांत तसल्या प्राण्याचा सांगाडा खुद्द त्यांनाच सांपडला होता!

मी शाळामास्तर. उत्तर चुकलें कीं गुण कापावे, एवढेंच मला ठाऊक. पण बार्बरसाहेबांचे गुण कापतांना माझा हात अडतो. कारण त्या पेशी खऱ्याच होत्या.

१९०५ सालीं पीटरसन यांनीं बिळांतील सांगाड्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. हा प्राणी पॅलिओकॅस्टर, म्हणजे पुरातन बीव्हर. आजचा बीव्हर पाण्यांत रमतो; हा सुमारें सव्वादोन कोटि वर्षांपूर्वीं कोरड्या माळावर राही, आणि अंगानें घुशीहून फार मोठा नसावा. १९७७ सालीं मार्टिन व बेनेट यांनीं भिंतींवरील रुंद चरे तपासले. ते बहुतेक नखांचे नसून पुढच्या दांतांचे निघाले. दांतांनीं माती खरवडीत, कधीं डावीकडे तर कधीं उजवीकडे वळत, तो सात-आठ फूट खालीं जाई आणि तेथून तिरप्या चढणीचें दालन काढी.

आणि त्या पेशी? ओलाव्याच्या शोधांत झाडांचीं मुळें बिळांच्या भिंतींत शिरलीं. तेथील माती ज्वालामुखीच्या राखेची; तिच्यांतील सिकता मुळांत मुरून तीं दगड झालीं, आणि बिळाचा घाट टिकला तो त्यांच्याचमुळें.

एका बिळांत मात्र घरधनी नव्हता. पाणमांजराच्या कुळांतील एक शिकारी प्राणी तेथें अंगाचें वेटोळें करून पडलेला मिळाला, निजल्यासारखा.