आधी ‘नको’ शिकवा

आज कोडिंगला सुट्टी. आज बोलायचंय विशेष मुलांना ठामपणे बोलायला कसं शिकवायचं, याबद्दल. तुमच्यापैकी कुणाचा धाकटा भाऊ, कुणाची मावसबहीण अशी असेल, तर हा भाग खास तुमच्यासाठी.

ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता असलेलं मूल कधी वर्गात किंचाळतं, वही फेकतं, स्वतःचाच हात चावतं. आपण पटकन म्हणतो, हट्टी आहे. १९८५ साली अमेरिकेत एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या मानसशास्त्रज्ञांनी जरा वेगळं पाहिलं. हे वागणं नेमकं कधी सुरू होतं? काम अवघड झालं की? की कुणी लक्ष देत नाही तेव्हा? (आपण लॉग वाचतो ना, अगदी तसंच.) मग काम अवघड जाणाऱ्याला त्यांनी एक वाक्य शिकवलं, ‘मला समजत नाहीये’. लक्ष हवं असणाऱ्याला दुसरं, ‘मी नीट करतोय का?’ मुलाने ते म्हटलं की लगेच मदत किंवा शाबासकी. त्रासदायक वागणं खूप कमी झालं. पण गरजेशी न जुळणारं वाक्य शिकवलं, तेव्हा असा फरक पडला नाही. मुलं फक्त चारच होती, पण ही पद्धत आजही वापरतात.

आता आपल्याकडे या. न बोलणाऱ्या मुलांसाठी चित्रांची कार्डं असतात, चेन्नईत बनलेलं ‘आवाज’सारखं ॲप असतं. पण घरी बनवलेली कार्डं बघा: पाणी, खाऊ, शू, मोबाइल. सगळी मागण्याची! ‘थांब’, ‘परत सांगा’, ‘हात लावू नको’ ही कुठेत? आणि कार्डावर ‘नाही’ लिहू नका हं. इंग्रजीत दोन्हीला एकच ‘नो’ चालतो. मराठीत ‘आई घरी नाही’ वेगळं आणि ‘मला भात नको’ वेगळं. मुलाला हवंय ते ‘नको’.

शिकवायचं कसं? त्याला न आवडणारी गोष्ट समोर ठेवा, समजा कारल्याची भाजी. ‘नको’च्या कार्डाकडे त्याचा हात न्या. कार्ड दिलं की ताट लगेच बाजूला. इथे ‘एक घास आजीसाठी’ अजिबात चालणार नाही! बटण दाबून काहीच होत नसेल, तर कोण दाबेल परत? औषधाला मात्र ‘नको’ मान्य करता येत नाही. तेव्हा ‘तुला नकोय, कळलं’ असं आधी म्हणा आणि मग निवड द्या: पाण्याबरोबर की दुधाबरोबर?

हे भाजीपुरतं नाही, बरं का. या मुलांना अंघोळ, कपडे, शी-शू यासाठी बऱ्याचदा दुसऱ्यांचे हात लागतात. मोठ्यांचं सगळं ऐकायचं एवढंच शिकलेलं मूल वाईट स्पर्शाला अडवणार कसं? अपंगत्वाचा गैरफायदा घेऊन मुलावर केलेला बलात्कार २०१२ च्या पॉक्सो कायद्यात अधिक गंभीर गुन्हा धरलाय. मदतीसाठी १०९८ आहे. पण त्याआधी घडलेलं सांगायला मुलाकडे शब्द हवा, कार्ड हवं.

आणि हो, ‘नको’ जमलं की पहिले काही दिवस ते सगळ्यालाच येईल. अंघोळीला, शाळेला, दादा-ताई म्हणून तुम्हालाही. येऊ द्या. चला, भेटू पुढच्या भागात!