संस्थेचा अहवाल आणि माणसाची गोष्ट

आर्थिक वर्ष सरत आले की शहरातील सुशिक्षित घरांत एखाद्या लोकोपयोगी संस्थेचे पत्र हटकून येते. मुखपृष्ठावर वारली पद्धतीची चित्रे, आत एका हसऱ्या मुलीचे छायाचित्र, त्याखाली लाभार्थींची संख्या आणि शेवटी मदतीची विनंती, असा त्याचा साचा ठरलेला असतो. घरातील कोणी ते वाचून हळहळते, कोणी यथाशक्ति रक्कम पाठविते, आणि पत्र रद्दीत जाते. त्या चार पानांत सांगितलेले खरे असेलही. परंतु ते पुरते आहे काय, आणि ज्या मुलीची ती गोष्ट आहे तिला ती मान्य होईल काय, हा विचार क्वचितच केला जातो.

या प्रश्नाचे स्वरूप पाहावयास पालघर जिल्ह्याइतके योग्य ठिकाण दुसरे सापडणे कठीण. ठाणे जिल्ह्यातून वेगळा होऊन हा जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी अस्तित्वात आला. त्याच्या किनाऱ्याकडील बाजूस बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आहे आणि 1969 पासून वीज देणारे अणुवीज केंद्र आहे. तर पूर्वेस विक्रमगड, जव्हार, मोखाडा हे आदिवासी तालुके आहेत. कारखाना आणि पाडा यांच्यामधले अंतर मैलांत मोजले तर थोडे, पण स्थितीत मोजले तर फार मोठे आहे. ते अंतर कमी करण्याचे काम अनेक संस्था करीत असतात, आणि त्या कामाचा वृत्तांतही त्यांना लिहावा लागतो.

पूर्वी असा वृत्तांत देणे हा संस्थेच्या सदसद्विवेकाचा भाग होता. आता कायदाही त्यात आला आहे. 2013 च्या कंपनी कायद्याच्या 135 व्या कलमान्वये, ठराविक मर्यादेपेक्षा अधिक नफा, उलाढाल वा मालमत्ता असलेल्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के लोकहितार्थ खर्चावे, असा नियम 1 एप्रिल 2014 पासून लागू झाला. ज्या कंपन्यांवर अशा खर्चाची जबाबदारी 10 कोटी रुपये वा अधिक आहे, त्यांनी 1 कोटी वा अधिक खर्चाच्या कामांचा परिणाम त्रयस्थाकडून तपासून घ्यावा, असे 2021 मध्ये ठरले. हे उचितच झाले. परंतु हिशेब मागणारा वाढला की हिशेबात शोभेल तेवढेच सांगण्याचा मोहही वाढतो.

तो मोह कसा काम करतो, हे एका साध्या उदाहरणावरून कळेल. एखाद्या पाड्यावर हातपंप बसविला, तर तो बसविल्याच्या महिन्यात अहवालात येतो. उद्घाटनाचे छायाचित्रही येते. पण वैशाखात त्या पंपाला पाणी होते काय, बायकांच्या डोईवरचा हंडा खरोखर उतरला काय, पंप बिघडला तेव्हा दुरुस्त कोणी केला, ही माहिती पुढील वर्षी तेथे पुन्हा गेल्याखेरीज मिळत नाही. ‘काय दिले’ हे मोजणे सोपे आणि ‘काय झाले’ हे मोजणे कष्टाचे. म्हणून देणाऱ्याचे द्रव्यही हळूहळू छायाचित्रात येणाऱ्या वस्तूंकडे वळते. दप्तरे आणि इमारती यांना दाते मिळतात. शिक्षिकेच्या वेतनाला मिळत नाहीत. अपुऱ्या वृत्तांताचे खरे नुकसान हे आहे.

याच जिल्ह्यात, बोईसरच्या उत्तरेस डहाणू तालुक्यात, निराळ्या प्रकारचा एक वृत्तांत घडला, तो या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी तर उघडली, पण दलित वस्तीतील मुले तिच्याकडे फिरकेनात. तेव्हा मुले का येत नाहीत म्हणून त्यांच्या आईबापांना बोल न लावता या दोघी बालवाडीच घेऊन त्यांच्या अंगणात गेल्या. अंगणात भरते ती अंगणवाडी. पुढे केंद्र कोसबादच्या टेकडीवर गेले, तेथेही तोच अनुभव आला. आदिवासी मुले गुरांमागे रानात जात. म्हणून शाळा कुरणात भरविली गेली आणि ती ‘कुरणशाळा’ झाली. महागडी शैक्षणिक साधने बाजूला राहिली. शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे यांनी त्यांची जागा घेतली.

या हकीकतीचे मर्म असे, की ती यशाने सुरू होत नाही. ती रिकाम्या वर्गाने सुरू होते. आपली पहिली योजना फसली आणि ती मुलांनी सुधारली, हे या दोघींनी लपविले नाही. ताराबाईंनी कुरणशाळेवर लिहिले. अनुताईंनी ‘कोसबादच्या टेकडीवरून’ या पुस्तकात आपल्या कामाची वाटचाल मांडली. त्यामुळेच इतरांना त्यापासून शिकता आले. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. केवळ ‘इतकी मुले शिकली’ एवढेच त्यांनी सांगितले असते, तर तो आकडा त्या वर्षाबरोबरच विसरला गेला असता.

तथापि एवढ्यानेही गोष्ट पुरी होत नाही. मूल शाळेत का येत नाही, याचे कारण कधी शाळेच्या पद्धतीत असते, तर कधी गावाच्या व्यवस्थेत. त्याच 1945 साली, त्याच डोंगरांत, गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला. लग्नासाठी सावकाराचे कर्ज काढून त्यापायी नवराबायकोने त्याच्याकडे राबत राहावे, अशा माणसाला तेव्हा ‘लग्नगडी’ म्हणत. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकास 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. ते काही देणगीसाठी लिहिलेले पुस्तक नव्हे. त्यात वारली हा दयेचा विषय नाही. तो विचार करणारा, भिणारा, आणि भीती टाकून उभा राहणारा माणूस आहे. दारिद्र्य सांगावयाचे आणि त्याचे कारण गाळावयाचे, ही सवय ज्या वृत्तांताला जडली असेल, त्याने या पुस्तकाशी स्वतःला ताडून पाहावे.

यावर संस्थाचालक म्हणतील की, अपयश सांगितले तर पुढील वर्षीची मदत थांबेल. ही भीती खोटी नाही, आणि तिची जबाबदारी केवळ संस्थांवर टाकणेही न्यायाचे नाही. देणाऱ्यास दर वर्षी यशच ऐकावयाचे असेल, तर घेणारा तेच ऐकविणार. छायाचित्राची गोष्टही तशीच आहे. कृश मुलाचे चित्र पाहून हात लवकर खिशात जातो, म्हणून ते छापले जाते. तेच मूल वीस वर्षांनी तारापूरच्या कारखान्यात कामाला लागले आणि तो कागद त्याच्यासमोर आला, तर त्यास काय वाटेल, हा विचार छापणाऱ्याने जसा करावा, तसाच पाहणाऱ्यानेही करावा.

तेव्हा येत्या मार्चमध्ये असे पत्र घरी आले, तर देणगीबरोबर तीन प्रश्न पाठविणे कोणाही गृहस्थास वा गृहिणीस अवघड नाही. या वर्षी संस्थेने कोणता बेत सोडून दिला आणि का? चित्रातील व्यक्तीने ही हकीकत स्वतः वाचली वा ऐकली आहे काय? आणि मदत थांबल्यावर हे काम कोण चालविणार? ज्या संस्थेकडून या प्रश्नांची सरळ उत्तरे येतील, तिला पुढील वर्षी थोडी अधिक रक्कम पाठवावी. विशेषतः त्या उत्तरांत एखाद्या रिकाम्या वर्गाची हकीकत असेल तर.