मत्स्यपेटी आणि नाजूक त्वचेचे हात

मुलांच्या हट्टापायी घरात काचेची मत्स्यपेटी आली, की पहिले आठ-पंधरा दिवस साऱ्या घराचे डोळे तिच्यावर खिळलेले असतात. गप्पी, मॉली, सोनेरी मासे ही नावे मुलांना तोंडपाठ होतात. पुढे महिन्याभरात काचेवर शेवाळ धरते, तळाच्या वाळूत घाण साचते आणि पेटी साफ करण्याचे काम हळूहळू आईकडे येते. मासे मुलांचे आणि हात आईचे, असा हा व्यवहार बहुतेक घरांत आढळतो.

त्या हातांचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही. भांडी, कपडे, भाजीपाला यांच्या निमित्ताने जे हात दिवसभर ओले राहतात, त्यांच्या त्वचेवरील स्निग्ध आवरण आधीच धुऊन गेलेले असते. त्यातून ज्यांना इसबाचा विकार आहे, त्यांच्या बोटांना बारीक भेगा असतात. भेग म्हणजे त्वचेच्या तटाला पडलेले खिंडार. पेटीच्या पाण्यात माशांची विष्ठा, उरलेले खाद्य आणि असंख्य जंतू असतात. अखंड त्वचेला ते सहसा बाधत नाहीत. भेगाळलेल्या त्वचेत मात्र त्यांना वाट सापडते.

या जंतूंपैकी एकाची ओळख श्रोत्यांनी अवश्य करून घ्यावी. त्याचे नाव मायकोबॅक्टेरियम मरीनम. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मत्स्यालयात मेलेल्या माशांत ॲरॉन्सन या शास्त्रज्ञाला तो १९२६ साली आढळला. १९५१ साली स्वीडनमध्ये पोहण्याच्या तलावात खरचटलेल्या लोकांच्या व्रणांत तो सापडला, आणि १९६२ साली घरगुती मत्स्यपेटीमुळे त्वचेवर उठलेल्या गाठींचे वर्णन प्रसिद्ध झाले. क्षय आणि कुष्ठरोग यांच्या जंतूंचा हा सगोत्र असला, तरी त्याची तऱ्हा निराळी आहे. त्याला सुमारे तीस अंश सेल्सिअस उष्णता मानवते; शरीराच्या आतील सदतीस अंशांत तो नीट वाढत नाही. म्हणून तो बहुधा बोटे, हात, कोपर अशा थंड भागांच्या त्वचेतच ठाण मांडून राहतो.

जंतू शिरल्यावर साधारणतः दोन ते चार आठवड्यांनी, क्वचित काही महिन्यांनी, त्या जागी तांबूस वा जांभळट गाठ दिसू लागते. ती फारशी दुखत नाही, म्हणून चामखीळ समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते. पुढे ती फुटून व्रण होतो. काहींच्या हातावर गाठींची ओळच वर चढत जाते. दुखणे डॉक्टरांकडे जाते, पण पेटीची गोष्ट घरीच राहते! ‘हाताला काय लागले होते?’ या प्रश्नावर महिन्यापूर्वी दगड घासताना खरचटल्याचे कोणाला आठवणार? पण तेवढे एक वाक्य सांगितले, तर निदानाचा मार्ग पुष्कळ सोपा होतो. योग्य औषधांनी हा विकार बरा होतो. मात्र ती कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने, नेटाने घ्यावी लागतात. हा रोग एका माणसापासून दुसऱ्याला लागत नाही. तेव्हा घरात भीती बाळगण्याचे किंवा रोग्याची भांडी वेगळी काढण्याचे कारण नाही.

पण ही वेळच येऊ नये, यासाठी उपाय साधे आहेत. हातावर कापले, खरचटले वा भेगा असतील, त्या दिवशी पेटीत हात घालू नये. एरवीही लांब बाह्यांचे रबरी हातमोजे घालावेत. मनगटापर्यंतच्या मोज्यांत पाणी शिरते आणि आत कोंडलेला ओलावा त्वचेला अधिकच छळतो. नैसर्गिक रबराने ज्यांना खाज सुटते, त्यांनी नायट्रिलचे मोजे वापरावेत. शेवाळ खरवडण्यास लांब दांड्याची खरवडणी आणि रोपे लावण्यास लांब चिमटा घ्यावा. नळीने पाणी उपसताना ते तोंडाने ओढू नये. पेटीचे पाणी आणि सामान स्वयंपाकघरातील मोरीत धुऊ नये.

काम संपताच हात सौम्य साबणाने धुवावेत, टिपून कोरडे करावेत आणि मग पेट्रोलियम जेलीसारखे मलम लावावे. मलम कामाआधी लावून उघडे हात पाण्यात घालू नयेत. त्याचा अंश पाण्यात उतरून माशांना अपाय होऊ शकतो. माशांना खाद्य म्हणून देतात त्या वाळवलेल्या तांबड्या अळ्यांनी काहींना खाज, शिंका, प्रसंगी दम्याचाही त्रास होतो. अशांनी निराळे खाद्य निवडावे.

मत्स्यपेटी हे घराचे भूषण आहे. ती टाकून देण्याचे कारण नाही. मात्र ज्या हातांना पाणी सोसत नाही, त्यांच्यावर हे काम लादू नये. इसबाने भेगाळलेल्या हातांच्या आईऐवजी घरातील दुसऱ्या कोणी, धडधाकट त्वचेच्या मोठ्या माणसाने, रविवारचा अर्धा तास त्यासाठी द्यावा. माशांची निगा राखताना माणसाचीही निगा राखली गेली, तरच त्या काचेमागील शोभा घराला खऱ्या अर्थाने लाभेल.